कानातला बिल्ला

"ताई, मी अ‍ॅक्च्युअरी व्हावं का?" असं विचारणारी पोरं-पोरी मला अजून फोन करतात. माझा नंबर त्यांना कोण देतं देव जाणे. बहुतेक नगरच्या कॉलेजातले आमचे जुने स्टॅटिस्टिक्सचे सर देत असावेत. मी सांगते, गणित पक्कं पाहिजे, वर्षानुवर्षं परीक्षा द्यायची तयारी पाहिजे, नापास झालं तर रडत बसायचं नाही. पोरं "थँक्यू ताई" म्हणतात. फोन ठेवला की मला माझीच शिसारी येते, कारण मी जे सांगते ते त्यांना कुठल्याही वेबसाइटवर मिळतं आणि जे मिळत नाही ते मी गिळून टाकते. ते आज लिहिते, एकदाचं.

मी श्रीरामपूरजवळच्या बेलापूरपासून आत, कॅनॉलच्या कडेला असलेल्या एका वस्तीवरची. घरी ऊस, मका, पाच जर्सी गाया. बीएस्सीला नगरला होते तेव्हा अभ्यासिकेत माझ्या डावीकडे फौजदार होणारा, उजवीकडे तहसीलदार होणारी. "तुझं काय?" विचारलं की मी सांगायची, अ‍ॅक्च्युअरी. "म्हणजे सीए का?" नाही. "मग बँकेचं का?" नाही बाबा! माणूस कधी आजारी पडेल, गाडी कधी आपटेल, गाय कधी मरेल, याचा मागच्या आकड्यांवरून अंदाज बांधायचा आणि त्यावरून विम्याचा हप्ता ठरवायचा. "म्हणजे पोपटवाला ज्योतिषी की!" सगळी अभ्यासिका हसायची. गावाकडे तर एका चुलत्यांनी तोंडावर सुनावलं, "चांगल्या घरची पोरगी अन् मरनाचे अंदाज करती. काय दिवस आले!" वडील मात्र माझ्या बाजूने होते. त्यांना हे काम नेमकं काय ते कधीच कळलं नाही, पण पोरगी काहीतरी अवघड करते एवढं त्यांना पुरे होतं.

आणि मला ते खरंच आवडायचं, उगाच म्हणत नाही. विम्याचा एकेक दावा म्हणजे नुसता गोंधळ, पण हजारभर एकाखाली एक लावले की त्यांतून काहीतरी शहाणं दिसायला लागायचं. निम्मे पेपर सुटले आणि पुण्याच्या एका विमा कंपनीत शिकाऊ म्हणून लागले. तिथे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की एक वर्ष बघा. वर्षाच्या शेवटी पुढच्या पेपरचा फॉर्म भरलात तर तुम्ही आमच्या अ‍ॅक्च्युअरी विभागाच्या, कायमच्या. नाही भरलात तर दुसरीकडे कुठेतरी ऑफिसात टाकू. म्हणजे त्या एका वर्षात मला ठरवायचं होतं, हे काम माझं आहे की नाही.

माझ्या वाट्याला जनावरांचा विमा आला. गायीचा विमा उतरवला की तिच्या कानात पिवळा प्लॅस्टिकचा बिल्ला ठोकतात, त्यावर नंबर असतो. गाय मेली की बिल्ल्यासकट कानाचा पुरावा लागतो. आता फोटो चालतो म्हणतात, पण नगरच्या शाखेत मी आकडे आणायला गेले त्या दिवशी पारनेरकडचा एक माणूस आला आणि त्याने टेबलावर दुकानातली काळी पिशवी ठेवली. आत कापलेला कान. केस तसेच, रक्त वाळलेलं, त्यात बिल्ला. वास असा सुटला की मी तोंडाला ओढणी लावून बाहेर पळाले. शाखेतला, दाव्यांची पाहणी करणारा सर्व्हेवाला मागून हसत म्हणाला, "मॅडम, पुण्याच्या का?" म्हटलं, बेलापूरची आहे, गायींतच वाढले. "मग सवय होईल," तो म्हणाला. आणि तो माणूस बिचारा ओशाळून उभा. म्हणाला, "ताई, माप करा. पन ह्याच्याबिगर पैसे देत न्हाईत." त्या दिवशी मला वाटलं, किळस म्हणजे हीच. किती भोळी होते मी.

आकड्यांत एक गोष्ट खटकत होती. आमच्या जिल्ह्यात नाकारलेले दावे फार, आणि बहुतेकांपुढे एकच कारण: कानात बिल्ला नाही. माझे साहेब हुशार माणूस, आवाज कधी चढला नाही. ते म्हणाले, "फसवणूक. विमा नसलेली गाय मेली की विम्याच्या गायीचा बिल्ला काढून आणतात. तू तिकडचीच ना? जाऊन बघून ये." मला राग आला. आमच्या लोकांना सरसकट चोर म्हणतात म्हणजे काय! म्हटलं, बघतेच.

श्रावणात त्याच सर्व्हेवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसून श्रीरामपूर भागातल्या वस्त्या फिरले. चिखल, माशा, मुरवलेल्या चाऱ्याचा, मुरघासाचा आंबूस वास. पहिल्याच घरी गाय मरून चार दिवस झाले होते, पंचनामाही झाला होता. सर्व्हेवाल्याने विचारलं, बिल्ला कुठाय? घरातली बाई लगबगीने आत गेली आणि चक्क देव्हाऱ्यामागून एक डबी घेऊन आली. डबीत बिल्ला! स्वच्छ धुतलेला, वर हळदीकुंकवाचं बोट. "बघा," ती म्हणाली, "एक डाग पडू दिला न्हाई."

"काढला कशाला?"

"आवो, कान चिघळला हुता. अळ्या पडल्या. गाय नुसती कान घासायची झाडाला. मग मालकांनी पक्कडीनं बिल्ल्याची दांडी कापली, औषध लावलं, आन् बिल्ला म्या जपून ठिवला. नंबर हाय ना त्याच्यावर! रानात पडला असता तर कुटं हुडकायचा?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे रेशनकार्ड, सातबारा, डेअरीचं कार्ड, सगळं पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत तळाला जातं. सरकारी किंवा नंबरवालं काहीही आलं की पहिला विचार एकच, जपून ठेव. बिल्ला म्हणजे त्यांच्या लेखी पावती. पावती गायीच्या कानात लोंबकळत ठेवतं का कुणी? आणि बिल्ला निघाला तर कंपनीला कळवून दुसरा बसवून घ्या, हे पॉलिसीच्या मागे इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. वाचणार कोण, कपाळ माझं?

सर्व्हेवाल्याने कागदावर लिहिलं, 'बिल्ला कानात नाही', आणि बाईला म्हणाला, "कळवतो हं." तिने आम्हाला चहा दिला, घट्ट दुधाचा. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर घसरले. "अहो, तिला सांगा ना, तिचा दावा गेला म्हणून!"

"मॅडम, सांगितलं की रडतात," तो म्हणाला. "आन् मग शेजारीपाजारी जमतात. कळवतो म्हणलं की आपन गाडीवर."

मग तू सांगायचंस ना, म्हणाल. मी नाही सांगितलं. तिचा चहा पिऊन मी माझ्या वहीत तिच्या गायीपुढे शून्य लिहिलं आणि गाडीवर बसले. त्या आठवड्यात बरीच घरं झाली. कुठे डबी, कुठे पेटी, कुठे आरशामागे खिळ्याला अडकवलेला. चोर एकही सापडला नाही. ज्या घरात जास्त काळजी, त्याच घराचा दावा बुडालेला. 

पुण्याला परत आल्यावर मी टिपण लिहिलं. आठ पानी, तक्ते लावून. फसवणूक नाही, समजुतीचा घोटाळा आहे. गाया खरंच मेल्यात. मराठीत एक चिठ्ठी दिली, डेअरीवर एक फलक लावला तरी प्रश्न सुटेल. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मला बोलावलं, खुर्ची दिली.

"उत्कृष्ट," ते म्हणाले. "मला हेच कळत नव्हतं. फसवणूक असती तर धोका होता. फसवणूक आज आहे, उद्या पकडली की थांबते. पण ही तर सवय आहे. सवय टिकते. म्हणजे पुढच्या वर्षीही एवढे दावे नाकारलेच जातील, असं आपण बिनधास्त गृहीत धरू शकतो. हप्ता अजून खाली आणता येईल आणि जिल्ह्याच्या विम्याचं टेंडर आपल्याला मिळेल."

 मी म्हटलं, "सर, पण चिठ्ठी? फलक?"

"ते मार्केटिंगचं काम. आपण जे घडतं ते मोजतो. हप्ता कमी झाला तर शेतकऱ्याचाच फायदा आहे ना?"

सांगा, यात खोटं काय आहे? काहीच नाही! त्यांनी कुणाला फसवलं नाही, नियम मोडला नाही, आवाज चढवला नाही. मागचं बघून पुढचं सांगायचं, हेच तर मी चार वर्षं रट्टे मारून शिकले होते. थू अशा शिकण्यावर, असं मला त्याक्षणी वाटलं, आणि पुढच्याच तासाला मी बसून तो आकडा काढला. नगर जिल्हा, बिल्ला नसल्यामुळे नाकारले जाणारे दावे, महिन्यामहिन्याने. खाली माझी सही. आकडा सुरेख आला होता आणि मला त्याचा आनंद झाला, हे लिहिताना हात आखडतो, पण झाला.

वसुबारसेला घरी गेले. पेपर दहा दिवसांवर होता, पुस्तकं बरोबर होती. संध्याकाळी आई गायीला ओवाळत होती, मी ताट धरून शेजारी. गायीच्या कपाळाला कुंकू लावायला वाकले आणि बघते तर कानाला नुसतं भोक. "आई, बिल्ला?"

"हाय की! तुज्या मार्कशिटांच्या फायलीत ठिवलाय. कान सुजला हुता तवा काढला."

आता आमच्या वस्तीवर हा विमा सगळ्यांनी उतरवला होता. का, तर आपली पोरगी तिथं साहेब हाय. मी डोक्याला हात लावला. आईला सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि हातातलं निरांजन ताटात ठेवलं. एवढ्यात शेजारच्या घरातली काकू ताट घेऊन आली. या काकूचं आमचं रक्ताचं नातं नाही, पण मी रांगत होते तेव्हापासून तिच्या घरी जेवलेय. नवरा गेल्यावर तिने एका गायीवर घर चालवलं. आता ती गाय म्हणजेच तिचं सगळं. "चल गं, माज्या गायीलाबी तुज्या हातानं कुंकू लाव," ती म्हणाली. मी गेले, कुंकू लावलं. तिच्या गायीचा कानही मोकळा. मी काहीच बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरांचे डॉक्टर बोलावले, कंपनीला फोन केला, आमच्या गायीला नवा बिल्ला ठोकून घेतला. काकू बांधावरून ओरडली, "डॉक्टर कशापायी आलते गं?"

आई तोंड उघडणार, त्याआधी मी म्हणाले, "लस टोचायला, काकू."

 गोठ्यात गेल्यावर आई म्हणाली, "आगं, तिला सांगायचं न्हाई व्हय?" मी दबक्या आवाजात म्हटलं, "आई, काकूला सांगितलं की संध्याकाळी सगळी वस्ती, उद्या डेअरी, परवा अख्खा तालुका. माझा आकडा चुकला तर माझं काय? पेपर झाला, मी कायम झाले, की मी स्वतः सगळ्यांना सांगते. तोवर कुणाला बोलू नको. माझी शपथ आहे."  शपथ घातली की आई मोडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच घातली. शी! दिवाळीचे चार दिवस मी माडीवर बसून 'जोखीम' या विषयाचा अभ्यास केला आणि काकूच्या घरचे अनारसे खाल्ले.

पेपर छान गेला. सुटलाही. मग कायम होण्याची गडबड, मग काय आणि काय. एकदा घरी जाऊन सांगायचं होतं ते आठवायचं, विशेषतः जेवताना, आणि मी ते पुढच्या रविवारावर ढकलायचे. माघात एका सकाळी साहेबांनी मला हाक मारली. "तुझा नगरचा अंदाज बघितलास? जानेवारीचा आकडा तंतोतंत. एकसुद्धा इकडेतिकडे नाही." विभागातल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी जागेवर जाऊन महिन्याची यादी उघडली. आमच्या गावाचं नाव होतं. एक गाय, वय सहा, पोट फुगून मृत्यू. कारण: बिल्ला कानात नाही.

दुपारी काकूचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "बाई, मागल्या आठवड्यात आपली गाय गेली गं. आन् ते म्हनत्यात पैसे मिळायचे न्हाईत. बिल्ला काढाया नको हुता म्हनं." मी म्हटलं, "हो काकू." ती म्हणाली, "आमचंच चुकलं बघ. अडानी मानसं आमी. तुला ठाऊक असतं तर तू सांगितलंच असतंस की."

"हो काकू, सांगितलं असतं," मी म्हणाले. जीभ अडखळली नाही, आवाज कापला नाही. फोन ठेवून मी बाथरूममध्ये गेले आणि ओकले. पिशवीतला तो कान बघूनही मी ओकले नव्हते.

रविवारी पहिल्या एसटीने गेले. घरी न जाता सरळ काकूच्या दारात. गोठा झाडून ठेवला होता, दावं खुंटीला गुंडाळलेलं. ती लसूण सोलत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बिल्ल्याचं, टिपणाचं, माझ्या आकड्याचं, वसुबारसेला तिच्या गायीचा कान बघितल्याचं, डॉक्टरांचं, लस टोचायला म्हणून बोललेलं खोटं. मला वाटलं ती शिव्या देईल. मी त्यासाठीच आले होते. चार शिव्या खाईन, दोन थोबाडीत खाईन, मोकळी होईन. स्वतःला मोकळं करायला आले होते, तिच्यासाठी थोडीच!

ती सोलत राहिली. लसूण संपल्यावर टरफलं सुपात गोळा केली.

"म्हंजी," ती म्हणाली, "दिवाळीपासून तुज्या आईलाबी ठाऊक हुतं?"

हा प्रश्न मी मनात धरलाच नव्हता. मी म्हटलं, "मी शपथ घातली होती काकू. तिची चूक नाही."

"तुजी आई रोज सकाळी माज्याकडं विरजन न्यायला यायची," काकू म्हणाली. "रोज. गाय मेली त्या सकाळीबी आल्ती." मग ती उठली आणि सूप घेऊन आत गेली. मी बराच वेळ उंबऱ्यापाशी थांबले, पण ती परत बाहेर आली नाही.

पैसे मी नंतर दिले, म्हणजे द्यायला गेले. तिने घेतले नाहीत. आईने तिच्या दारात दोन चकरा मारल्या, मग तेही बंद झालं. अख्ख्या वस्तीवर मी आणि वडिलांनी घरोघर जाऊन बिल्ले परत बसवून घेतले. लोकांनी चहा पाजला, आभारही मानले. आई आता विरजण डेअरीच्या बाजूच्या दुकानातून आणते. दही आंबट लागतं असं वडील एकदा म्हणाले, तर ती जेवता जेवता ताटावरून उठून गेली.

वर्ष संपलं तेव्हा पुढच्या पेपरचा फॉर्म मी भरला नाही. साहेबांना फार वाईट वाटलं. "अशी नजर शंभरात एखाद्यालाच असते," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले होते. माझ्याबरोबरच्या दोन मैत्रिणी हेच काम स्वच्छ हातांनी करतात, त्यांचं मला कौतुक आहे. गावात आता सगळे म्हणतात, पोरीला एवढ्या अवघड परीक्षा झेपल्या नाहीत, म्हणून सोडलं. वडीलही तसंच सांगतात लोकांना. मी त्यांना दुरुस्त करत नाही. झेपत होतं मला. फार चांगलं झेपत होतं.